साहेब येणार म्हणून झाडलेली बाग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबायला नको. थांबून थांबून सांगायची ताकद आता राहिलेली नाही. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय! हो, ऐकलाय. कारण मी तोंड उघडायच्या आधीच दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगून मोकळं होतं. शेवटी म्हटलं, माती मी खाल्ली, तर सांगण्याची मजा लोकांनी का घ्यावी?

तर मी शालन. कराडहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मातीत शिकले. आमचे मालक फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि तेव्हापासून माझ्या कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या करतात. गुडघे गेलेत माझे, कंबर बोलते, पण घरी बसवत नाही. असा एकूण संसार.

एक दिवस एक बाई आल्या. माने मॅडम. कडेगावच्या बाजूला अंध मुलामुलींचं वसतिगृह आहे, तिथल्या मुख्य बाई. सोळा-सतरा ते वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत तिथं.

मॅडम म्हणाल्या, "शालनताई, आम्हाला बाग करायचीय. पण बघायची नाही. हात लावायची, हुंगायची, कान देऊन ऐकायची बाग."

"आणि पानं चुरगाळली तर?"

"चुरगाळायलाच लावायची."

"फुलं तोडली तर?"

"तोडू द्या."

आता बघा, जन्मभर मी गिऱ्हाइकांवर एकच वाक्य ओरडत आले, 'हात लावू नका.' आणि ही बाई मला सांगतेय, हात लावायची बाग करा! पण मी घेतलं काम. आणि तुम्हाला आत्ता वाटत असेल की ही बाई तिथं लाल-पिवळी फुलं लावून आली असणार. नाही हो. एवढी खुळी नाही मी. बाग मी बरोबर केली. तीच तर रडकथा आहे! आधीच चुकले असते तर लवकर सुटले असते.

बरोबर केली त्याचं कारण शबाना. अठरा वर्षांची पोरगी. जन्मापासून दिसत नाही, पण मत नाही अशी जगात एक गोष्ट नाही. पहिल्याच दिवशी माझ्या मागं लागली.

"मावशी, हितं वळायचं कसं कळणार मला?"

"हितं बाभळ हाय की जुनी. हात लाव, खरबरीत लागंल. बाभळ लागली की उजवीकडं."

"आन् म्होरं?"

"म्होरं नळ ठेवू. गळका. खाली पत्र्याचा तुकडा. टप टप वाजलं की डावीकडं."

"आन् वाट सुटली तर?"

तीन महिने हे असं चाललं. वाट सोडून पाय बाहेर पडला की चुरचुर वाजावं म्हणून दोन्ही कडांना बांबूचा वाळका पाला पसरला. पेरूची एक फांदी मुद्दाम वाटेवर येऊ दिली, गालाला लागली की समजायचं बाकडं जवळ आलं. बाकड्याजवळ तिसरं वळण, तिथं दवणा आणि मरवा, वास आला की वळायचं. शेवटी गवती चहाची बेटं, पोटऱ्यांना घासली की फाटक आलं. पोरगी फिरायची त्यातून, जशी मी माझ्या स्वयंपाकघरात फिरते. आणि बोटं काय तिची! पानाच्या मागून बोट फिरवून सांगायची, "मावशी, ह्याला कोळी लागलाय." मला चष्मा लावूनही दिसायची नाही ती बारीक कीड. मी म्हटलं, शिक्षण संपलं की माझ्याकडं ये कामाला. तिलाही तेच हवं होतं.

आडवे आले तिचे वडील. इस्माईलभाऊ. कराडला गाद्या भरायचं दुकान आहे त्यांचं. भला माणूस. पण भीती अशी बसलेली की बस्स.

"ताई," मला म्हणाले, "घरात चुलीपासनं दारापतूर जाताना दोनदा धडकती ही. ही काय कामाला जाणार? वरीस झालं हितं. न्हेतो आता घरला."

शबाना म्हणाली, "अब्बा, बागेच्या उद्घाटनाला या. फाटकातनं आत जाती, सगळी बाग फिरून परत फाटकाला येती. एकटी. हात धरायचा न्हाई कुणी. जमलं तर मी ऱ्हाणार आन् मावशीकडं कामाला जाणार. न्हाई जमलं तर तुमच्यासंगट गाडीत बसती."

इस्माईलभाऊ म्हणाले, "ठरलं."

म्हणजे बघा, त्या पोरीचं सगळं त्या एका फेरीवर होतं. आणि ही गोष्ट मला माहीत होती. चांगली माहीत होती!

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी पोरं परीक्षेला सांगलीला गेली. मॅडम त्यांच्याबरोबर. जाताना म्हणाल्या, "शालनताई, उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब येणारेत. पोरं त्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत येतील, मी साहेबांना घेऊन येते. बाग आहे तशीच छान आहे. जरा नीटनेटकी ठेवा."

झालं. साहेब येणार आणि नीटनेटकी ठेवा!

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडं काय होतं? शाळा असो, चावडी असो, दवाखाना असो. खराटे निघतात, चुना भिजतो, गेरू कालवला जातो, आणि रस्त्यावरच्या झाडांना गुडघ्यापर्यंत लाल-पांढरे पायमोजे चढतात. साहेब गाडीतून मान वळवून बघतसुद्धा नाहीत. पण चढतात.

मालकांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. निवृत्त झाल्यापासून कुणी मोठं माणूस यांच्या हद्दीत आलंच नव्हतं.

"अगं, इन्स्पेक्शन हाय हे," म्हणाले. "गेरू किती हाय घरात?"

मी आधी पाला झाडला. दोन्ही कडांचा. पोती भरभरून बाहेर काढला. मनाला काय गार वाटलं म्हणून सांगू! तीन महिने तो कचरा डोळ्यांत खुपत होता. मग गवती चहा. काय ते बेंगरूळ पसरलेलं वाटेवर! मालकांनी त्याला मिलिटरी कटिंग मारली. मग पेरूची फांदी. साहेबांच्या तोंडाला लागली तर? छाटली. मग नळ. साहेब येणार आणि नळ गळतोय? लोक काय म्हणतील, बाईला एक वायसर बसवता येत नाही? बसवला. थेंब बंद.

पत्र्याचा तुकडा भंगारात.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, हे सगळं तूच मुद्दाम ठेवलं होतंस ना? ठेवलं होतं. मला तरी कुठं कळतंय मी काय करत होते? पण 'साहेब' हा शब्द कानात शिरला की डोकं बाजूला होतं आणि हातच कामाला लागतात. चाळीस वर्षं लागलेली सवय आहे ती.

शेवटी बाभळ राहिली. मालक चुन्याची बादली घेऊन उभे.

"खरं चुन्यात डिंक घालाय पायजे," म्हणाले. "गेरूतबी. न्हाईतर हाताला लागतंय."

मी घाईत. मी म्हटलं, "अवं लावा तसंच. झाडाला हात कोण लावणार हाय?"

ऐकलंत? हे वाक्य मी बोलले. मी! हात लावायच्या बागेत उभी राहून.

आणि मालकांनी लावला चुना. एक हात चुना, त्याखाली दोन हात गेरू, इतका जाड की बाभळीची सालं बुजली. गुळगुळीत खांब झाला झाडाचा. मग सगळीकडं खताचा वास येतोय म्हणून मी वाटेनं फिनेल शिंपडलं. दोन बाटल्या. दवण्याजवळ जरा जास्तच, कारण तिथं शेणखत नवं होतं.

मग लांब उभी राहून बघितलं. अशी देखणी बाग! मी स्वतःला शाबासकी दिली. दमले होते, हात भरून आले होते, पण म्हटलं, शालन, जिंकलीस.

उद्घाटनाच्या दिवशी साहेब अकराला यायचे होते. अकरा झाले. बारा झाले. साहेब नाहीत. इस्माईलभाऊ दुकान बंद करून आलेले, त्यांना एकची गाडी गाठायची. सारखे घड्याळ बघत होते. पोरं सकाळीच परत आलेली, पण मी त्यांना फाटकाबाहेरच थांबवलं होतं. साहेबांच्या आधी बागेत पाय कुणी टाकायचा नाही! हीसुद्धा माझीच अक्कल.

शबाना वैतागली. "मावशी, साहेबांसाठी कशाला थांबायचं? बघायचंय कुणाला? माझ्या अब्बांना. मी निघाली."

निघाली पोरगी. डोक्यावर ओढणी, पाठ ताठ. बाकीची पोरं कान टवकारून उभी. दोन पावलं टाकली आणि थांबली.

"मावशी, हितं दवाखाना काढला काय?"

सगळे हसले. मीही हसले! अजून माझ्या टाळक्यात काही शिरलं नव्हतं बरं का. मी ओरडून सांगितलं, "स्वच्छता हाय ती, स्वच्छता!"

बाभळीपर्यंत गेली. हात लावला. हात मागं घेतला. परत लावला.

"ही कोण?"

"बाभळ की गं!"

"बाभळीला कातडं कुणी चढवलं?" म्हणाली आणि तळहात हुंगला. तळहात लालभडक. तरी वळली उजवीकडं. अंदाजानं वळली. पुढं गेली आणि मान तिरकी करून उभी राहिली.

उभीच राहिली.

मला आधी कळेना, ही काय करतेय. आणि मग एकदम कळलं. ती नळ ऐकत होती.

नळ. पाला. फांदी. दवणा. गवती चहा. एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि प्रत्येकीच्या मागं मी उभी, हातात खराटा घेऊन. मालकांकडं बघितलं तर ते ढगांकडं बघत होते.

शबाना तरी हटेना. दुसरं वळणही तिनं घेतलं, देव जाणे कसं. पण तिसऱ्याला वाट सुटली. पाला नव्हता, मग पाय वाजणार कुठून? सरळ वाफ्यात गेली. वाफा मी सकाळीच भिजवलेला. चप्पल रुतली.

"डावीकडं!" मी ओरडले. "अगं डावीकडं!"

"मावशी, गप ऱ्हावा!" ती तिथूनच ओरडली. "तुमी सांगितल्यावर मी एकटी कशी?"

खरं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. ती वाफ्यातच उभी. इकडं वळली, तिकडं वळली, नाक वर केलं. सगळीकडं फिनेल. मग एका जागी थांबली आणि हलायचीच बंद झाली.

इस्माईलभाऊ आत गेले. चप्पल काढून हातात घेतली तिची. रागावले असते तर बरं झालं असतं, पण माणूस हळूच म्हणाला, "चल बेटा. गाडी गाठू."

एवढी वटवट करणारी पोरगी ती, पण तिनं कपड्यांची पेटी आणायला मैत्रिणीला सांगितलं, बस्स.

माझा धीर सुटला. फाटकात आडवी उभी राहिले मी.

"इस्माईलभाऊ, थांबा. पोरीचं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं."

"ताई, तुमी मायेनं म्हनताय. कळतंय मला."

"माया कुठली! नळ मी बंद केला!"

"नळ बंद केल्यावर वाट चुकती व्हय कुणाची?"

आता याला काय सांगायचं?

"पाला झाडला मी!"

"चांगलं केलंसा की."

"अवं, फिनेल टाकलं!"

"तेबी बरंच की ताई. डास जात्यात."

जेवढी मी कबुली देत गेले तेवढा तो माणूस माझ्याकडं जास्तच दयेनं बघायला लागला. ही बाई पोरीसाठी सगळं स्वतःवर घेतेय, केवढं मोठं मन! माझं डोकं फिरायची वेळ आली. आयुष्यात एकदा खरी चूक कबूल करायला निघाले, तर पटवून घ्यायला कुणी तयार नाही.

तेवढ्यात शबाना बोलली. आवाज भरलेला, पण धार तीच. "अब्बा, मावशींनाच चालू द्या. त्यांनीच बांधलीया बाग. डोळं बांधून चालू द्या. मग कळंल."

"जाते!" मी म्हटलं. "त्यात काय!"

नीट ऐका हं आता. खरं तर मला हरायचं होतं. मी हरले की पोरीची बाजू खरी ठरणार, एवढं साधं. पण स्वभाव! तिची ओढणी माझ्या डोळ्यांवर आली, इस्माईलभाऊंनी गादीला मारतात तसली पक्की गाठ मारली, आणि मी हरायचं साफ विसरले. तीन महिने खपले मी या बागेत, खत घातलं, पाणी घातलं. माझ्या बागेत मी चुकणार? डोळे मिटून फिरून येते की!

निघाले तरातरा. चार पावलांत धाडकन बाभळ. तीही नाकानं. बरं, बाभळ तर बाभळ. दोन्ही हातांनी चाचपली, मग घाम पुसला. म्हणजे गेरू तोंडभर. उजवीकडं वळले. म्हणजे मला वाटलं उजवीकडं. बाभळीच्याच एका काट्यानं पदर धरला, तो सोडवता सोडवता मी स्वतःभोवती किती फिरले ते माझं मलाच माहीत नाही. मागून पोरं खिदळतात, मालक ओरडतात, "दाहिने मूड! अगं दाहिने!" आणि मी म्हणतेय, "तुमी गप बसा, मला सगळं ठावं हाय!"

मग एकाएकी सगळे गप्प झाले. मला वाटलं, झालं, मी बरोबर चाललेय, म्हणून बोलती बंद झाली यांची. अजून जोरात निघाले. आणि हाताला खोड लागलं.

"हां! घावला आंबा!" मी ओरडले. आंब्याचं झाड बागेच्या पार मागच्या टोकाला. म्हणजे मी अर्धी बाग पार केली! मी दोन्ही हातांनी मिठी मारली त्याला. थापटलं. जरा मऊ लागलं, म्हणून बोटानं दाबून बघितलं. मग माझ्यातली माळीण जागी झाली.

"लय पोसलंय गं हे," मी सगळ्यांना सांगितलं. "मधेच फुगलंय. पाणी कमी करा ह्याचं."

खोड म्हणालं, "नमस्कार."

आणि मागून माने मॅडमचा आवाज आला, अगदी बारीक. "शालनताई... साहेब आलेत."

गाठ सुटेना! गादीची गाठ ती. ओढणी कपाळावर सरकवून एका डोळ्यानं बघितलं. मी फाटकातच उभी. जिथून निघाले होते तिथंच. समोर साहेब. पांढराशुभ्र शर्ट, त्यावर पोटाच्या दोन्ही बाजूंना माझे दोन लाल पंजे, लग्नघराच्या भिंतीवर उठवतात तसे. आणि मधोमध माझ्या नाकाचा ठिपका.

मालकांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. दुसरं काय करणार बिचारे?

साहेबांनी पोटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "उद्घाटन झालं वाटतं." भला माणूस. दुसरा असता तर माझी रोपवाटिका उठवली असती. मॅडम मात्र माझ्याकडं न बघता बागेकडं बघत होत्या. बाभळीकडं, नळाकडं. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिथल्या तिथं पायरीवर बसल्या. बाग परत घाण करायला मला पुढं आठ दिवस लागले. बाभळ घासून घासून खांदे निखळले. झाडून काढलेला पाला परत पसरताना माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं, ते विचारू नका.

तर इकडं इस्माईलभाऊ. आधी तोंडावर हात ठेवून उभे होते. मग खांदे हलायला लागले. मग तो माणूस शबानाच्या पेटीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

"काय झालं अब्बा? मला सांगा की!" शबाना त्यांना हलवतेय. "कुठवर गेल्या मावशी?"

"अगं... बाभळीपतूर गेल्या... आन् आल्या परत फाटकाला... सायबाच्या पोटाला..."

"आन् मी कुठवर गेलती?"

हसणं थांबलं त्यांचं. बाभळीकडं बघितलं, मग लांब त्या वाफ्याकडं बघितलं, जिथं पोरीच्या पावलाचा खड्डा अजून दिसत होता. मधे केवढं अंतर! नजरेनं मोजलं त्यांनी ते. मीही मोजलं.

"तू लय लांब गेलतीस," म्हणाले. "असल्या बागेत बी."

मग उठले, पेटी उचलली आणि गाडीकडं जायच्या ऐवजी वसतिगृहाच्या दाराशी नेऊन ठेवली. एकची गाडी कधीच गेली होती. शबानाला म्हणाले, "ऱ्हा हितंच. आन् शिकून झालं की ताईंच्याकडं जा कामाला."

मी पुढं झाले. म्हटलं, आता माझी पाळी, आता चार शब्द बोलावेत. "इस्माईलभाऊ, काय काळजी करू नका. पोरीकडं मी नीट लक्ष देते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंड, नाक, पदर, हात. सगळं लालेलाल.

"तुमी न्हवं ताई," म्हणाले. "तीच तुमच्याकडं लक्ष देईल. म्हणून तर ठेवतोय तिला."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. पण तोंडात सगळा गेरूच गेला होता.